फायबरच्या जुन्या होडीची दुरुस्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

येलदरीचा जलाशय, सेलूजवळचा निम्न दुधना प्रकल्प, गोदावरीवरचे ढालेगाव, मुदगल, डिग्रस बंधारे. परभणी जिल्ह्यातल्या या पाण्यावर रोहू, कटला पकडून घर चालवणाऱ्याचे होडी हेच भांडवल. नवी परवडत नाही म्हणून वापरलेली फायबरची होडी घेतली जाते आणि लवकरच डागडुजी निघते. या कामाबद्दलच्या काही ऐकीव समजुती नुसता खर्च वाढवतात, तर काही जिवावर बेततात.

गैरसमज 1 : फायबर बुडत नाही.
वस्तुस्थिती : काचतंतू आणि रेझिनचा थर पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. होडी तरंगते ती आकारामुळे. पाणी भरल्यावर तिला वर धरतात ते बंद हवेचे कप्पे किंवा फोम. होडी घेताना ती हलवून पाहा. कप्प्यात पाणी हिंदकळत असेल किंवा फोम भिजलेला असेल, तर आधी तेवढी दुरुस्ती करा.

गैरसमज 2 : भेगेवर एम-सील किंवा लांबी भरली की काम झाले.
वस्तुस्थिती : त्याने गळती तात्पुरती थांबते, ताकद परत येत नाही. होडीचे बळ काचतंतूंत असते आणि भेगेत तेच तुटलेले असतात. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने उतरत्या घासाव्या लागतात. उतार जाडीच्या साधारण बारापट हवा. तळ 5 मिलिमीटर जाड असेल, तर प्रत्येक बाजूला 60 मिलिमीटर. मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे थर एकावर एक बसवून, रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे. जुन्या रंगावर किंवा तेलकट तळावर मॅट धरत नाही. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे मास्क आणि चष्मा हवाच.

गैरसमज 3 : फायबरला समुद्राचे खारे पाणी खाते, धरणाचे गोडे पाणी काही करत नाही.
वस्तुस्थिती : होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, गोडे पाणी खाऱ्यापेक्षा जास्त ओढले जाते आणि तळावर फोड येतात. फोड फोडल्यावर आंबट वासाचे पाणी निघाले, तर हाच रोग समजा. फोड उघडून, धुऊन, होडी काही आठवडे उलटी ठेवून वाळवावी लागते. तळावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून उन्हात ठेवा. आतून दव धरले, तर तळ अजून ओला आहे. जलाशय उतरलेला असतो ते उन्हाळ्याचे दिवस या कामाला उत्तम.

गैरसमज 4 : हार्डनर जास्त घातला की काम पक्के होते.
वस्तुस्थिती : किलोभर पॉलिएस्टर रेझिनला साधारण 10 ते 20 ग्रॅम हार्डनर पुरतो. जास्त घातला तर रेझिन तापते, आक्रसते आणि तडकते. मराठवाड्याच्या मे महिन्यात कमी प्रमाण धरा, सकाळी काम करा आणि थोडे थोडेच कालवा. हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात तो कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते.

गैरसमज 5 : गंजलेला बोल्ट बदलला की कडी घट्ट होते.
वस्तुस्थिती : बिघाड बहुधा बोल्टच्या भोकात असतो. तिथून झिरपलेले पाणी आतले प्लायवूड कुजवते. इंजिन बसवण्याच्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर लाकूड गेले आहे. कुजका भाग काढून नवे प्लायवूड रेझिनने बसवा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, मागे रुंद पट्टी द्या आणि भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरा. न्हाणीघरात वापरायचे सिलिकॉन टाळा. ते लागलेल्या जागी पुढे रंग किंवा रेझिन धरत नाही.

दुरुस्त होडी खोल पाण्यात नेण्याआधी काठाशी गुडघाभर पाण्यात तासभर ठेवा आणि आतून प्रत्येक जोड कोरड्या हाताने चाचपा. ओल लागली, तर होडी पुन्हा वर काढा. आणि होडी कितीही चांगली जमली असली, तरी लाइफ जॅकेट अंगावर घालूनच निघा.