‘अनस्ट्रंग’ : एका शब्दाची उकल

इंग्रजीच्या तासाला ‘अनस्ट्रंग’ हा शब्द आला, की विद्यार्थी ‘घाबरलेला’ असा अर्थ टिपून घेतात व पुढे सरकतात. अर्थ चूक नाही. परंतु शब्दाचे मर्म त्यात हरवते. म्हणून त्याची थोडी उकल करावी, असे आम्हांस वाटते.

‘स्ट्रिंग’ म्हणजे दोरी किंवा तार. प्राचीन इंग्रजीतही धनुष्याची दोरी व वाद्याची तार या दोहोंस हाच शब्द होता. ‘अन’ हा उपसर्ग येथे केवळ नकार दाखवीत नाही. झालेली क्रिया उलटविणे दर्शवितो. सबब प्रत्यंचा उतरविलेले धनुष्य, तारा सैल केलेले वाद्य आणि दोऱ्यातून सुटलेले मोती ही तिन्ही ‘अनस्ट्रंग’च होत. मनुष्यास हे विशेषण लागले ते पुढे, रूपकाने.

तारेचा व मनाचा हा संबंध ‘अनर्व्ह्ड’ या समानार्थी शब्दाने स्पष्ट होतो. त्यातील ‘नर्व्ह’ लॅटिन ‘नेर्वुस्’पासून आला. त्याचा मूळ अर्थ स्नायुबंध. त्यावरून धनुष्याची दोरी व वाद्याची तार, कारण पूर्वी प्राण्यांच्या स्नायुबंधांची दोरी वळीत असत. आपला ‘स्नायु’ शब्द याच कुळातला. मराठीने पुढे ‘मज्जातंतू’ हा शब्द स्वीकारला, त्यातही तंतू आहेच. आणि तो ‘तन्’, म्हणजे ताणणे, या धातूपासून निघालेला आहे.

मग मराठीत काय म्हणावे? ‘शिथिल’ या शब्दात सैलपणा आहे, पण भयाचा स्पर्श नाही. ‘गलितगात्र’, ‘अवसान गळणे’ यांत गळण्याचे चित्र आहे. ‘धीर सुटणे’ हा प्रयोग मूळ कल्पनेस अधिक जवळचा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे ढिली पडतात व गांडीव हातून निसटते. तेथे धनुष्याची दोरी शाबूत आहे. सैल पडला आहे तो धनुर्धर!

आमच्या बडोद्यात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांसमोर मराठी, गुजराती, संस्कृत इत्यादी भाषांतील प्रतिशब्द त्यात मांडलेले आहेत. कारभाराच्या शब्दांस ही पद्धत मानवते. मनोव्यापाराच्या शब्दांस ती अपुरी पडते. तेथे प्रसंग पाहूनच शब्द निवडावा लागतो : वाद्याच्या तारा ‘उतरलेल्या’, मोती ‘ओघळलेले’, मनुष्य ‘धीर सुटलेला’.

हा भेद केवळ भाषेचा नव्हे. परीक्षेच्या दालनात एखादा हुशार मुलगा कोरी उत्तरपत्रिका पुढे घेऊन बसतो आणि आपण शिक्षक त्यास ‘घाबरट’ म्हणून मोकळे होतो. ‘घाबरट’ हा स्वभावावरील शेरा आहे. ‘अनस्ट्रंग’ ही त्या घटकेची अवस्था आहे. उतरलेली तार म्हणजे तुटलेली तार नव्हे. जाणत्या हाताने खुंटी पिळली, की ती पुन्हा सुरात लागते. तो हात आपला असावा, एवढेच या शब्दाच्या निमित्ताने आम्हांस सुचवावयाचे आहे.