आस्थापनेतील हिंसा आणि मराठी साहित्य : वऱ्हाडच्या संदर्भात

कंपनी, गिरणी, उद्योगसमूह किंवा शिक्षणसंस्था यांचा कारभार वरवर नियमबद्ध आणि शांत दिसतो. दंगलीतील हिंसेला रक्त असते, आरोपीही असतो. आस्थापनेतील हिंसा मात्र ठराव, दर, नेमणूक आणि बडतर्फी यांच्या भाषेत घडते. तिच्याबद्दल कोणा एकाला जबाबदार धरता येत नाही. ही अदृश्यता हीच कलावंतापुढील खरी अडचण होय. मराठी लेखकांनी ती कशी हाताळली, हे तीन कलाकृतींच्या आधारे पाहता येते.

पहिले उदाहरण अरुण साधू यांचे. त्यांचा जन्म १९४१ साली अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. 'मुंबई दिनांक' (१९७२) व 'सिंहासन' (१९७७) या त्यांच्या कादंबऱ्या सामान्यतः 'राजकीय' म्हणून ओळखल्या जातात. तथापि सत्ता, भांडवल आणि कामगार संघटना यांचे परस्परांत गुंतलेले व्यवहार हा त्यांचा गाभा आहे. या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारलेल्या जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटात मुख्यमंत्र्यांविरुद्धचे कारस्थान आणि कामगारपुढारी डिकास्टाची संपाची खेळी एकाच पटावर चालतात. त्यांचा साक्षीदार असलेला पत्रकार दिगू टिपणीस अखेरीस भ्रमिष्ट होतो. व्यवस्था अबाधित राहते आणि ती जाणणारा माणूस कोसळतो. अदृश्य ताण येथे साक्षीदाराच्या मनात दृश्य होतो.

दुसरे उदाहरण जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पवारांनी मात्र संप रंगविला नाही. संपानंतरच्या चाळीतील एका कुटुंबाचे घर रंगविले. गिरणी रंगमंचावर येत नाही, पण तिचे बंद पडणे भावंडांच्या भांडणांतून, बेकारीतून आणि नरूच्या गुन्हेगारीकडे वळण्यातून सतत जाणवत राहते. आस्थापनेने केलेली हिंसा घरात पोचली की तिला ओरखडे, शिव्या आणि शेवटी शस्त्र मिळते, हे या नाटकाचे मर्म आहे.

तिसरे उदाहरण वऱ्हाडातीलच आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तिची चर्चा बहुधा 'ग्रामीण' साहित्याच्या चौकटीत होते. परंतु तिचा नायक एकनाथ एम. ए., बी. एड. असून बेकार आहे. शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थेला द्यावयाचे पैसे त्याच्यापाशी नाहीत. शेती त्याला जगवीत नाही, शिक्षणसंस्था त्याला आत घेत नाही. गुणवत्तेची किंमत रुपयांत ठरविणारी संस्था कोणालाही मारहाण करीत नाही. तरीही एक घर तिच्यामुळे उद्ध्वस्त होते.

या तीन कृतींमध्ये एक अंतर्गत साखळी आहे. वऱ्हाडचा कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून आणि रेल्वेने मुंबईच्या बाजारात पोचत राहिला. मूर्तिजापूर-अचलपूर हा अरुंद मार्ग तर एका ब्रिटिश खाजगी कंपनीने कापसासाठीच उभारला. शेतकऱ्याचा भाव आणि कामगाराचा पगार एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. 'ग्रामीण', 'नागर' आणि 'राजकीय' असे कप्पे पाडून अभ्यास केल्यास ही साखळी तुटते आणि हिंसेचा कर्ता पुन्हा नजरेआड होतो.

म्हणून अकोला-अमरावतीच्या वर्गांमध्ये या कृती एकत्र वाचल्या जाणे अगत्याचे आहे. 'बारोमास' शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये उद्याचे एकनाथ बसलेले असू शकतात आणि ती शिकविणारा अध्यापक स्वतः एका संस्थेचा नोकर असतो. आस्थापनेच्या दप्तरात ज्या हिंसेची नोंद होत नाही, तिची नोंद साहित्य ठेवते. ती वाचताना वाचकाने स्वतःची जागाही तपासावी, हीच या साहित्याची अपेक्षा आहे.