बोटीच्या डोळ्यावरचा पडदा
बोटीच्या तळाला भोक पाडून बसवलेला कॅमेरा पाण्याखालचे खडक आणि मासे दाखवतो. पण काही आठवड्यांतच चित्र धूसर होते. कॅमेरा बिघडलेला नसतो. काचेवर जिवाणूंचा बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्म, साचलेला असतो. रुग्णाच्या लघवीच्या नळीत साचतो तोच प्रकार! त्यावर मग शेवाळ आणि बार्नॅकल हे कवचधारी जीव घट्ट चिकटतात.

थर कोवळा असताना मऊ कापडाने पुसला जातो. बार्नॅकल धरल्यावर खरवडावेच लागते, आणि काचेवर ओरखडे उठतात. तळाला लावायचा तांबेयुक्त रंग काचेवर अर्थातच चालत नाही. आतली रबरी रिंग तपासायची मात्र राहून जाते. ती चिरली तर पाणी थेट बोटीत.

सफाई इंजिन बंद करूनच करावी, तीही जाड हातमोजे घालून. बार्नॅकलची कड पात्यासारखी कापते. उबदार समुद्रात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू आढळतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्याच्या जखमेत तो शिरला, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. खरचटल्यास साबण आणि स्वच्छ गोड्या पाण्याने लगेच धुवावे. सूज झपाट्याने वाढली, फोड आले किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि जखम समुद्राच्या पाण्यात झाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.