जुगार आणि मनाची पळवाट

तरुण मुलगा जुगारात अडकल्याचे कळले की घरात पहिली चौकशी होते ती किती पैसे गेले याची; ती स्वाभाविकच असते, परंतु त्याच्या सुटकेच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा प्रश्न असा, की तो कोणत्या मनःस्थितीत खेळायला बसतो.

ॲलेक्स ब्लाझचिन्स्की आणि लिया नॉवर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात जुगाराच्या विकाराकडे नेणाऱ्या तीन वाटा सांगितल्या आहेत. काही जण संगतीने व सवयीने गुंतत जातात, काहींच्या स्वभावातच कमालीचा उतावीळपणा असतो, तर काहींच्या मनात चिंता, उदासी किंवा बालपणीचा आघात आधीपासून घर करून असतो आणि जुगार हा त्यांनी स्वतःच शोधलेला उतारा ठरतो. मानसशास्त्र ताणाशी जुळवून घेण्याच्या पद्धतींत भेद करते: अडचणच दूर करू पाहणारी ती समस्याकेंद्री आणि अडचणीमुळे उठलेली कालवाकालव शमवू पाहणारी ती भावनाकेंद्री. दुसरी पद्धत मुळात वाईट नव्हे, कारण मित्राजवळ मन मोकळे करणे हीदेखील त्यातलीच. परंतु तिला टाळाटाळीचे वळण लागले की अडचण जागच्या जागी राहते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रीना गुप्ता व जेफ्री डेरेव्हेन्स्की यांच्या संशोधनात जुगाराची समस्या असलेल्या किशोरांमध्ये हीच टाळाटाळ अधिक आढळली.

जुगार या कामी विलक्षण सोयीचा असतो, कारण बक्षीस केव्हा लागेल याचा नेम नसल्यामुळे सारे लक्ष पुढच्या डावावर खिळते आणि तेवढ्यापुरता नापासाचा निकाल किंवा तुटलेले नाते नजरेआड होते. मग हार होते, हारेची लाज जुन्या दुःखात मिसळते, आणि ते दडपण्यासाठी तसेच गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा डाव मांडला जातो. मटक्याच्या काळात ओपनचा, म्हणजे पहिला, आकडा लागल्यावर क्लोजच्या, म्हणजे दुसऱ्या, आकड्यासाठी थांबावे लागे, आणि त्या सक्तीच्या विरामात निदान घरच्यांना हाक मारायला फट मिळे. मोबाइलवरच्या खेळाने ती फटच बुजवली.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवले. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली असली, तरी बंदीमुळे बंद होते ते दुकान; ज्या अस्वस्थतेपायी गिऱ्हाईक तिथे जात होते तिच्यावर कायद्याचा अंमल चालत नाही. म्हणूनच विचार व वर्तन यांवर एकत्र काम करणाऱ्या उपचारपद्धतीत, हिशेबाच्या वहीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, लक्ष दिले जाते ते फोन हाती घेण्यापूर्वीच्या घटकाभरात काय घडले, कोण काय बोलले आणि तेव्हा मनाला नेमके काय सोसवेना, याकडे.