जेवण बंद, पुडे चालू!



या महिन्यात भित्तिपत्रकातला आरोग्याचा कोपरा माझ्याकडे आला आहे. दात घासणे, नखे कापणे, पाणी गाळून पिणे हे विषय तुम्हाला आता तोंडपाठ झालेत. म्हणून आज वेगळा विषय घेते. वजनाचा. मुलांनी वाचावा, मोठ्यांनीही वाचावा. ज्या आजी-आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना नातवंडांनी वाचून दाखवावा, कारण यात त्यांचेही काम आहे.

आधी एक घडलेली गोष्ट. ती आपल्या शाळेतली नाही. माझी बदली इथे होण्यापूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात होते, तिथली. तेव्हा 'ती कोण?' म्हणून उगाच शोधत बसू नका.

चौथीतली एक मुलगी दुपारच्या खिचडीच्या ओळीत येईनाशी झाली. ताट मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची, पण ताट कोरडेच. विचारले तर म्हणायची, "बाई, भूक न्हाई." दोन दिवस मी सोडून दिले. तिसऱ्या दिवशी परिपाठाला उभी असताना तिला भोवळ आली. पाणी पाजले, गूळ-शेंगदाणे दिले आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले.

तिची आई म्हणाली, "बाई, पोरगी लई सुटत चाललीय. पाव्हणंरावळं नावं ठेवत्यात. म्हनून रातचं जेवान बंद केलंय तिचं. भात तर डोळ्यांनी दावत न्हाई."

मी मुलीला जवळ घेतले. "आणि शाळेतली खिचडी का गं सोडलीस?"

ती मान खाली घालून म्हणाली, "पोरं भोपळा म्हनत्यात."

माझी मलाच लाज वाटली. स्नेहसंमेलनात म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीवर आम्ही नाटुकले बसवले होते. 'भोपळ्याचे काम हिलाच शोभेल' असे सगळ्या वर्गादेखत मीच बोलले होते. सगळे हसले, तीही हसली. नाटुकले संपले, पण नाव मात्र चिकटले. मी गंमत केली आणि एका लेकराने जेवण सोडले.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही तिघींनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पोरगी दिवसभरात काय काय खाते? सकाळी गोड चहा आणि बिस्किटे. शाळेत येताना दुकानातून पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. दुपारी काही नाही. शाळा सुटल्यावर पुन्हा चहा-बिस्किट. रात्री जेवण बंद. पण 'लेकरू उपाशी निजतंय' म्हणून आजोबा हळूच दहा रुपये हातावर ठेवायचे, त्याचे वेफर्स. बाजाराच्या दिवशी थंड पेयाची बाटली.

हिशेब लिहून झाल्यावर आईनेच कपाळाला हात लावला. "म्हंजी बाई, आमी भाकरी बंद केली आन् पुडं चालू ठिवलं!"

अगदी बरोबर. पुष्कळ घरांत हेच होते.

वाढत्या पिकाचे पाणी तोडू नये

तुम्ही शेतकरी आहात. कपाशीला युरिया जास्त पडला की ती नुसतीच माजते, पाला वाढतो. मग आपण तिचे पाणी तोडून तिला वाळवतो का? नाही. खताचा मेळ बसवतो. मुलाचेही तसेच आहे.

मोठ्या माणसाची उंची वाढायची थांबलेली असते. मुलाची हाडे, स्नायू, मेंदू, रक्त सगळे रोज वाढत असते. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होते आणि त्याचे वजन दोन-तीन किलोंनी वाढते. हे व्हायलाच हवे. वयात येण्याच्या सुमारास अंग थोडे भरते, तेही निसर्गाचेच काम आहे. अशा वेळी जेवण तोडले तर चरबीच तेवढी कमी होत नाही. वाढीला लागणारी प्रथिने, लोह आणि चुनाही (म्हणजे कॅल्शियम) तुटतो.

आणि गंमत पाहा. वजन थोडे जास्त असलेल्या मुलाला बहुधा वजन उतरवावे लागतच नाही. समजा, एका मुलाची उंची १३० सेंटिमीटर आणि वजन ३४ किलो आहे. त्याच्या खाण्याची घडी नीट बसवली, खेळ वाढवला आणि दीड वर्षाने तो १३८ सेंटिमीटर उंच झाला. वजन मात्र ३५ वरच राहिले. एक किलोही न उतरवता तो आपोआप सडसडीत दिसू लागतो. उंचीला तिचे काम करू द्यायचे, एवढेच.

मूल जाड की बारीक हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, आणि मोठ्यांचे वजनाचे कोष्टकही मुलांना लावू नका. मुलांचे वय, मुलगा की मुलगी, उंची आणि वजन असे सगळे एकत्र पाहावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत तपासणीला येते, त्यांना विचारा.

आणखी एक आकडा सांगते. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली. पाच ते नऊ वर्षांच्या दर १०० मुलांत सुमारे २३ मुले फार बारीक निघाली आणि सुमारे ४ मुलांचे वजन जास्त निघाले. म्हणजे एकाच वर्गात दोन्ही प्रकारची मुले आहेत. त्यांच्यासाठी दोन वेगळ्या चुली मांडायची गरज नाही. भाकरी, डाळ-उसळ, भाजी, दूध-ताक, फळ हे ताट दोघांनाही चालते. मग घरातल्या एकाच पोराला वेगळे ताट वाढून त्याला का हिणवायचे?

पुड्यात काय असते?

बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सच्या १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात आणि साधारण तिसरा हिस्सा तेलच असते. तेवढ्याच वजनाच्या ज्वारीच्या पिठात सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात, शिवाय दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि पोट भरणारा कोंडा. भाकरी चावावी लागते, पोट भरल्यासारखे वाटते. पुडा मात्र खेळता खेळता संपतो आणि तासाभराने पोट पुन्हा रिकामे.

कोलासारख्या गोड पेयात १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. पाव लिटरची बाटली प्यायली की पाच चमच्यांहून जास्त साखर पोटात गेली. चहात पाच चमचे साखर टाकली तर आई ओरडेल, पण बाटलीतली कुणाला दिसत नाही.

आता आपली शाळेतली खिचडी बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे. तिने नेमके हेच सोडले होते!

असले पुडे शाळेजवळ मिळू नयेत म्हणून केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केला आहे. जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असे तो सांगतो. गावातल्या दुकानदार काकांनी एवढे मनावर घ्यावे.

मग सगळे बंद करायचे का?

नाही. सक्तीने बंद केले की मन तिथेच घुटमळते. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लीन बर्च या दोघी संशोधक बाईंनी १९९९ मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक खाऊ मुलांच्या समोर ठेवला, पण तो घ्यायला थोडाच वेळ मुभा दिली. तर मुलांचे सगळे लक्ष त्याच खाऊकडे लागले आणि मुभा मिळताच ती त्यावरच तुटून पडली. आपल्याकडे डब्याला कुलूप लावले की पोरे किल्ली शोधतात, तसेच हे.

म्हणून कामाची वाटणी करावी. काय शिजवायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे हे मुलाच्या पोटाला ठरवू द्यावे. 'ताट चाटून पुसून संपव' असा धाक नको आणि 'बास कर आता' असा टोमणाही नको. ताटात आधी थोडे वाढावे, लागले तर पुन्हा वाढावे. म्हणजे अन्नही वाया जात नाही.

घरात एवढे करून पाहावे :

१. सकाळी उपाशी पाठवू नये. चहा-बिस्किटाऐवजी दूध-भाकरी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, पोहे किंवा उकडलेले अंडे, जे घरात असेल ते.

२. ज्वारी, बाजरी, नाचणी सोडू नये. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदुळजा, अंबाडी, चुका, शेवगा या भाज्या बांधावर आणि परसात मिळतात. नवी भाजी मुलाला पहिल्या दिवशी आवडत नाही. रागावू नये; आठ-दहा वेळा थोडी थोडी वाढत राहावे.

३. मधल्या वेळच्या भुकेसाठी फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे, पेरू, बोरे, काकडी हाताशी ठेवावीत. घरात पुडा आणलाच नाही, तर नाही म्हणायची वेळच येत नाही.

४. तहानेला पाणी किंवा ताक. चहातली साखर चमच्या-चमच्याने कमी करावी. जीभ महिनाभरात सरावते.

५. निदान रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र करावे. टीव्ही बंद, मोबाइल लांब. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून सावकाश चावून खावे.

६. रोज निदान एक तास घाम येईल असा खेळ. लगोरी, आट्यापाट्या, लंगडी, सूरपारंब्या, दोरीवरच्या उड्या, काहीही चालेल. मुलींनाही खेळायला सोडावे. सगळे घरकाम त्यांच्याच गळ्यात घालू नये.

७. नऊ ते बारा तास झोप. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाची झोप मोडते आणि भूकही भलत्याच वेळी लागते.

८. खाऊ हे बक्षीस नव्हे आणि जेवण बंद ही शिक्षा नव्हे.

जत्रेत जिलबी खावी, दिवाळीत करंजी खावी, मजेत खावी. सण वर्षातून एकदाच येतो. पुडा रोज येतो, तिथेच काळजी घ्यायची.

मूल फार झपाट्याने जाड होत असेल, उंची वाढत नसेल, झोपेत जोराने घोरत असेल, किंवा मानेची कातडी काळी आणि जाडसर होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वजन उतरवण्याच्या पुड्या, चूर्णे मुलांना देऊ नयेत.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "त्या नावाची सुरुवात माझ्यापासून झाली. माझं चुकलं. आजपासून ते नाव कुणी घ्यायचं नाही." मुले गप्प बसली. मग एक जण उठून म्हणाला, "बाई, मला पण काडी म्हणत्यात." त्यालाही लागत होते तर! त्या दिवशी फळ्यावर असली सगळी नावे लिहिली आणि मुलांनीच ती ओल्या फडक्याने पुसली.

तिच्या आजोबांनी दहा रुपयांचे पेरू आणायला सुरुवात केली. आईने रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले, सगळ्यांसोबत. वजन किती उतरले, असे मला पुष्कळ जण विचारतात. मी तिला पुन्हा काट्यावर उभे केलेच नाही. एवढे मात्र सांगते, ती खिचडीच्या ओळीत आली, मटकीची उसळ दोनदा घेतली आणि मधल्या सुट्टीत लगोरी खेळताना नेम धरून पहिल्याच चेंडूत सातही ठिकऱ्या पाडल्या.

मुलांसाठी काम : दुकानातला एक रिकामा पुडा आणा. मागे बारीक अक्षरात १०० ग्रॅममध्ये साखर, चरबी किती ते लिहिलेले असते. ते वहीत उतरवा. त्याखाली काल दिवसभर काय काय खाल्ले ते खरे खरे लिहा. कुणी हसणार नाही. सोमवारी आपण वाचू.

— तुमच्या बाई