पडद्यावरचे पोलीस (भाग ७) : साहेबांचं घर

इंग्रज कादंबरीकार जॉन क्रीझी यांनी पोलीसकथांसाठी जे. जे. मॅरिक हे टोपणनाव घेतलं. पहिला 'जे' स्वतःचा, दुसरा पत्नी जीनचा, 'मॅर' मुलगा मार्टिनमधला आणि 'रिक' रिचर्डमधला. अख्खं घर नावात घेणाऱ्या या लेखकाचा नायकही घरसंसाराचा माणूस निघाला. तो म्हणजे स्कॉटलंड यार्डचा कमांडर जॉर्ज गिडियन. पहिली कादंबरी १९५५ची. या कादंबऱ्यांवरून १९६०च्या दशकात 'गिडियन्स वे' ही २६ भागांची कृष्णधवल मालिका झाली आणि जॉन ग्रेगसन यांनी गिडियन उभा केला.

लंडनच्या खऱ्या रस्त्यांवर खून, दरोडे, जाळपोळ. आणि संध्याकाळी घरी पत्नी केट आणि तीन मुलं. मालिकेतलं हे घर बरंचसं सुखी आहे. कादंबरीतलं तसं नाही. तिथे या जोडप्याचं एक मूल गेलेलं आहे. ते गेलं त्या रात्री गिडियन कामावर होता, आणि केटच्या मनातून ते कित्येक वर्षं जात नाही. तपास कितीही हुशारीने लागो, या एका गोष्टीचा हिशेब त्याला चुकता करता येत नाही. मला तर गिडियनची सगळी ताकद इथेच दिसते.

आपल्याकडे काय झालं? मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मध्ये शिवाजी साटम इन्स्पेक्टर झाले. पुढे १९९८ साली बी. पी. सिंग यांच्या 'सीआयडी'त तेच एसीपी प्रद्युम्न झाले आणि वीस वर्षं घराघरात राहिले. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या केम गावातही 'दया, दरवाजा तोड' माहीत नाही असं पोर सापडणार नाही. पण साहेब घरी जाऊन जेवतात काय, कुणाशी बोलतात, हे आपण क्वचितच पाहिलं. त्यांचा मुलगा नकुल कथेत आला तोही गुन्हेगार होऊन, आणि बापाच्याच गोळीने मेला. एवढा मोठा घाव! पुढचं प्रकरण उभं राहिलं की तो मागे पडायचा. त्या बापाच्या रिकाम्या घरात कॅमेरा थोडा थांबायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

सोलापूर जिल्ह्याला तरी पोलिसाचं घर अनोळखी नाही. आषाढी जवळ आली की केमचं कुंकू पंढरपूरला जातं आणि ग्रामीण पोलीस दलातली माणसं बंदोबस्ताला जातात. पालख्यांच्या वाटेवर, वाळवंटात, दर्शनबारीत त्यांची ड्युटी लागते. गाव वारीला निघतं तेव्हा पोलिसाच्या घरात डबा भरायची घाई असते. एकादशीचा उपास घरचे एकीकडे धरतात, तो दुसरीकडे. रजा बंद. मुलाला ताप आला तर दवाखान्याची धावपळ बायकोने एकटीने करायची. केटचं दुखणं इथल्या पोलीस वसाहतीत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. यावर झालेली मालिका मी तरी अजून पाहिलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकदा मात्र आपल्या पडद्याने पोलिसाच्या घरात नीट पाहिलं. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ साली 'अर्धसत्य' हा चित्रपट केला. ओम पुरींच्या अनंत वेलणकरने लहानपणी आईला मारणारा बाप पाहिलाय. बापही पोलिसातलाच, आणि मुलाला या नोकरीत ढकलणाराही तोच. मोठेपणी कोठडीतल्या माणसावर वेलणकरचा हात उठतो तेव्हा त्यामागे ते घर आहे. मालिकेतला गिडियन घरी येऊन शांत होतो. वेलणकर घरातला राग घेऊन ठाण्यात येतो.

पुढच्या आठवड्यात वेलणकरच्या त्या बापाविषयी, अमरीश पुरींच्या कामाविषयी.