‘११२’वरचा आवाज न्यायालयात

महाराष्ट्रात ‘११२’ फिरवला की फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या नियंत्रण केंद्रात जातो. कॉल घेणारी व्यक्ती सर्वात आधी ठिकाण विचारते. कारण मध्येच फोन तुटला, तरी गाडी पाठवता यायला हवी. मग काय घडलं, कोणी जखमी आहे का, हल्लेखोर अजून तिथेच आहे का. ही माहिती जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर उमटते.

खुनाच्या खटल्यात हीच नोंद घटनेची वेळ पक्की करायला उपयोगी पडते. मात्र ‘इथं मारामारी चाललीय, लवकर या’ एवढाच त्रोटक निरोप एफआयआर ठरत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. रेकॉर्डिंगची प्रत पुरावा म्हणून दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३नुसार प्रमाणपत्र लागतं. त्याआधीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब खालच्या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात ठामपणे सांगितली होती. प्रमाणपत्राचा हा कागद वेळेत जोडणं तपास अधिकाऱ्याने मुळीच टाळू नये. घाबरलेल्या माणसाने जिवाच्या आकांताने केलेला फोन त्यावाचून पुराव्यातून बाद होऊ शकतो.